शाळेतले पुस्तकांचे कपाट उघडले. आता तासाला काय करावे?

डोंगरमाथा (२ ऑगस्ट)

नमस्कार. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत मी शिकवतो. पहिली ते चौथी मिळून ४७ मुले, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एक लोखंडी कपाट एवढा आमचा संसार आहे. त्या कपाटात ३१२ पुस्तके आहेत, हे मला या जूनमध्ये मुख्याध्यापकपदाचा कार्यभार घेताना जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी) पडताळली तेव्हा कळले. त्याआधीची तीन वर्षे मी त्याच खोलीत शिकवत होतो आणि कपाटाच्या डोक्यावर लेझमा ठेवत होतो. कपाटाला कुलूप असण्याचे कारण सर्वांना ठाऊक असेलच: पुस्तक फाटले किंवा हरवले, तर निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव कोणी करायचा?

जूनपासून मी कपाट उघडे ठेवले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास पुस्तकांसाठी दिला आहे. पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड उडाली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र मुले चित्रे चाळतात, पुस्तक ठेवून देतात आणि पाऊस नसला की मैदानाकडे पाहू लागतात. माझा प्रश्न असा आहे की, चार इयत्तांच्या मुलांना एकत्र घेऊन या ३५ मिनिटांत नेमके काय करावे? दिन साजरे करण्याबद्दल मी विचारत नाही, ते परिपत्रक आले की होतच असते. साध्या मंगळवारी काय करावे, ते कृपया सांगा.

निवृत्त_मास्तर

आपला प्रश्न वाचून जुना अपराध आठवला, म्हणून आधी तो कबूल करतो. खडू-फळा मोहीम १९८७ मध्ये सुरू झाली आणि पुढे दोन-तीन वर्षांत आमच्या शाळेलाही साहित्याची पेटी मिळाली. त्या पेटीत गोष्टींची पुस्तकेही होती. मी ती पेटी तपासणीच्या आदल्या दिवशी उघडत असे, पुस्तके फडक्याने पुसत असे आणि तपासणी झाली की पुन्हा डांबरगोळ्या घालून बंद करत असे. साहेबांनी एकदा शेऱ्यात लिहिले, ‘पुस्तके सुस्थितीत आहेत’, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

एक व्यावहारिक सूचना करतो. दाखल नोंदवही आपल्याकडेच ठेवा, तिला मुलांचा हात लागू देऊ नका. देवघेवीची वही मात्र वेगळी करा आणि ती तिसरी-चौथीच्या मुलांच्या ताब्यात द्या. तारीख, दाखल क्रमांक, नाव, परत आल्याची खूण असे चार रकाने पुरेत. क्रमांक शोधणे आणि नावे लिहिणे यातच त्यांचा निम्मा अभ्यास होतो.

शंकेखोर

माझे मत कदाचित कटू वाटेल, परंतु तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर त्याच्यासमोर ३१२ पुस्तके मांडून काय साधणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्या दोन तासांत नीट वाचन शिकवावे, पुस्तके मागाहून आपोआप वाचली जातील. मीही अठरा वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले आहे, त्यामुळे हे बाहेरून दिलेले मत नाही.

सईची_आई

मी एका शहरी खाजगी शाळेच्या प्राथमिक विभागात ग्रंथपाल आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत हे पद नसतेच, त्यामुळे डोंगरमाथा सरांना सगळे स्वतःच करावे लागणार, याची मला जाणीव आहे. शंकेखोर यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच मिळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुले पुस्तक चाळून ठेवून देतात, कारण त्या पुस्तकात काय दडले आहे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. त्यासाठी सुरुवात प्रकट वाचनाने करावी. दहा-बारा मिनिटांत संपेल असे, मोठ्या चित्रांचे एकच पुस्तक घ्या आणि घरी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहा. नाहीतर वाक्य कोठे तोडायचे, हे ऐनवेळी आपल्यालाच कळत नाही. ४७ मुलांना एका वेळी चित्र दिसत नाही, तेव्हा मंगळवारी पहिली-दुसरी आणि शुक्रवारी तिसरी-चौथी अशी विभागणी करा. मुलांना अर्धगोलात बसवा, आपणही खाली बसा आणि पुस्तक छातीशी न धरता एका बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर धरा. मुखपृष्ठ दाखवून ‘यात काय घडेल असे वाटते?’ एवढेच विचारा. मध्ये फार तर दोन ठिकाणी थांबा. प्रत्येक पानावर प्रश्न विचारला, तर गोष्टीची लय मोडते आणि मुलांना परीक्षेचा वास येतो. अवघड शब्द बदलून सोपा करू नका, हावभावाने समजेल असा वाचा. पुढच्या आठवड्यात मुलांनी तेच पुस्तक पुन्हा मागितले, तर कुरकुर न करता तेच वाचा, कारण तिसऱ्या वेळी ती तुमच्याबरोबर वाक्ये म्हणू लागतात आणि नेमके तेव्हाच अक्षरांकडे त्यांचे लक्ष जाते.

वाचून झालेले पुस्तक कपाटात ठेवू नका. व्हरांड्यात सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ते मुलांच्या हाताला लागेल असे टांगा. आमच्याकडे आधी वाचून दाखवलेले पुस्तकच सर्वांत जास्त नेले जाते. उरलेल्या वेळात चौथीतले एक आणि पहिलीतले एक अशा जोड्या लावून जोडीवाचन घ्यावे. मोठ्याला अडखळत वाचण्याची लाज वाटत नाही, कारण समोरच्या छोट्याला तेवढेही येत नसते.

अळीमिळी

आमच्या शाळेत वाचन दिनाला सर्वांना मैदानात ओळीने बसवले होते. फोटोत मुखपृष्ठे दिसावीत म्हणून पुस्तके कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी धरायला सांगितले. त्या दिवशी मी समोरच्या ओळीतल्या मुलाची मान पूर्ण वाचून काढली.

डोंगरमाथा (१४ ऑगस्ट)

सर्वांचे मनापासून आभार. सईची_आई यांनी सांगितल्याप्रमाणे मंगळवारी लहान मुलांसमोर प्रकट वाचन घेतले. गोष्टीतली कोंबडी अंडी सोडून जत्रेला जाते, असे एक पान होते. मी तेथे थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारले. तिची अंडी चोरीला जातील, हे उत्तर मला अपेक्षित होते. दुसरीतली एक मुलगी, जी वर्गात कधीच तोंड उघडत नाही, ती एकदम उभी राहून म्हणाली, ‘सर, ही खुडूक हाय. खुडूक कोंबडी उठतच न्हाई. चित्र चुकलंय.’ त्यानंतर वीस मिनिटे खुडूक कोंबडी किती दिवस बसते, तिला दाणा कोठे ठेवतात आणि जवळ गेले की ती कशी फुगते, यावर सर्वच मुले बोलत राहिली. गोष्ट अर्धवट राहिली, परंतु शाळा सुटल्यावर तिघीजणी ते पुस्तक उघडून पुढे कोंबडीचे काय झाले, हे शोधत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीलाच बऱ्यापैकी वाचता येते.

शंकेखोर

खुडूक कोंबडीपुढे मी थोडी माघार घेतो, पूर्ण नाही. गोष्ट संपल्यावर बोध विचारलात का? अन्यथा ती करमणूकच झाली.

सईची_आई

बोध विचारू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ‘या गोष्टीतून काय शिकलात?’ असे विचारले की मुले ‘खोटे बोलू नये’ असे साचेबंद उत्तर देऊन मोकळी होतात, मग गोष्ट खोटे बोलण्याबद्दल असो वा नसो. त्याऐवजी ‘तुला यातले काय आवडले नाही?’ असे विचारून पाहा. तक्रार करायला सांगितली की मुले पुस्तकात पुन्हा शिरतात. ती दुसरीतली मुलगी दुसरे काय करत होती?

निवृत्त_मास्तर

हे मात्र खरे आहे. आमच्या पिढीने तात्पर्य विचारून विचारून चांगल्या गोष्टींचा चोथा केला.

नर्मदाकाठ

मी धडगाव भागात शिकवते. आमच्या मुलांची घरची भाषा पावरी आहे आणि पहिलीतल्या मुलाला मराठी पुस्तक जवळजवळ परक्या भाषेसारखे असते. अशा ठिकाणी थेट वाचन सुरू केले, तर मुले मान डोलावतात आणि आपल्याला वाटते की त्यांना समजले. मी आधी तीच गोष्ट पावरीत सांगते, दुसऱ्या दिवशी चित्रे दाखवते आणि तिसऱ्या दिवशी मराठीत वाचते. डोंगरमाथा सर, आपल्याकडे तांड्यावरची मुले असतील, तर हा विचार आवर्जून करावा.

दुसरा एक उपक्रम सांगते. एक कोरा कागद तीनदा दुमडावा, मधल्या घडीवर कात्रीने एकच छेद द्यावा आणि तो लांबीत दुमडून, उभा धरून दोन्ही टोकांकडून आत ढकलावा. शिवण किंवा डिंक न लावता आठ पानांची पुस्तिका तयार होते. मुले घरून आजीची गोष्ट ऐकून येतात, पावरीत सांगतात, मी देवनागरीत लिहून देते आणि ती चित्रे काढतात. या पुस्तिका मी इतर पुस्तकांबरोबरच दोरीवर टांगते. एका मुलाने स्वतःच्याच पुस्तिकेसाठी देवघेवीच्या वहीत रीतसर नाव नोंदवले आणि ती घरी नेली.

डोंगरमाथा

तांड्यावरची १६ मुले आहेत आणि ती घरी गोरमाटी बोलतात. इतक्या वर्षांत मी हा विचार केला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. चौथीतल्या एका मुलाला गोष्ट आधी गोरमाटीत सांगायला बसवून पाहतो, कारण मला ती भाषा समजते पण बोलता येत नाही.

अळीमिळी

पूर्वीच्या शाळांत हस्तलिखित निघत असे, त्याचेच हे धाकटे भावंड दिसते. आमच्या हस्तलिखितात माझी कविता होती. तिचे वाचक दोन: मी आणि सुवाच्य अक्षरात ती लिहून काढणारी मुलगी.

खळ_आणि_कात्री

आमचा बांधणीचा जुना व्यवसाय आहे, म्हणून फाटलेल्या पुस्तकांबद्दल लिहितो. पान फाटले की चिकटपट्टी लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि तिचा डाग कागदात कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ शिजवा, पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडून घ्या, कापू नका, कारण फाडलेल्या कडेचे तंतू पानाशी चांगले मिसळतात. पट्टी लावल्यावर दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा तुकडा ठेवून पुस्तक रात्रभर वजनाखाली दाबा. महिन्यातून एक शुक्रवार ‘पुस्तकांचा दवाखाना’ म्हणून ठेवलात, तर तिसरी-चौथीची मुले हे काम उत्तम करतील, आणि ज्याने एकदा पान जोडले आहे, तो सहसा पान फाडत नाही.

निवृत्त_मास्तर

खळीत चिमूटभर मोरचूद टाकावे म्हणजे कसर लागत नाही, असे आम्ही करत होतो.

खळ_आणि_कात्री

मास्तर, दुकानात आम्हीही टाकतो, परंतु मोरचूद विषारी आहे आणि मुलांचे हात तोंडात जातात. शाळेत साधी खळच करावी आणि उरलेली त्याच दिवशी टाकून द्यावी.

ड_वर्ग

मी गावातल्या ‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली अशी वाचनालये अनेक गावांत आहेत आणि दुपारी तेथे दोन वृत्तपत्रे व तीन निवृत्त माणसे यांखेरीज कोणी नसते. जवळपास असे वाचनालय असेल, तर महिन्यातून एकदा मुलांना चालत घेऊन जा आणि कार्यवाहाला आधी कळवा. आमच्याकडे शाळेची मुले आली, तेव्हा मी ‘शांतता राखा’ ही पाटी काढून ठेवली.

नवी पुस्तके हवी असतील, तर समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, त्याची चौकशी गटसाधन केंद्रात करावी. त्याशिवाय बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक जालावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मुक्त परवान्याच्या चित्रगोष्टी आहेत, त्यांत मराठीही भरपूर आहेत. त्या छापून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

शंकेखोर

पुस्तकांवर पातळीनुसार रंगीत चिकट्या लावण्याची पद्धत मला पटते. माझ्यासारख्या शिक्षकाला कोणते पुस्तक कोणाला द्यावे, हे तत्काळ समजते.

सईची_आई

शिक्षकासाठी ती उपयुक्त आहे, परंतु मुलांना चार दिवसांत कळते की हिरवी चिकटी म्हणजे ‘ढ’. आमच्याकडे एका मुलाने हिरव्यावर निळ्याची चिकटी डकवून घेतली आणि अवघड पुस्तक महिनाभर न वाचता दप्तरात बाळगले. तेव्हापासून मी चिकटीऐवजी आतल्या पानावर पेन्सिलीची लहान खूण करते.

शंकेखोर

हे ध्यानात आले नव्हते. पेन्सिलीची खूण मान्य.

डोंगरमाथा (२८ सप्टेंबर)

सुतळी, दवाखाना आणि जोडीवाचन सुरळीत चालू आहे. गोरमाटीत गोष्ट सांगणाऱ्या मुलाला आता इतर गावठाणातली मुलेही ‘परत सांग’ म्हणतात. आता मात्र वेगळाच पेच पडला आहे.

दिवाळीच्या आसपास आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृह असल्यामुळे काही मुले आजी-आजोबांजवळ राहतील, परंतु ११ मुले आईवडिलांबरोबर पाच-सहा महिने कारखान्यावर जातील. तिकडच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊच. प्रश्न असा आहे की, त्यांच्याबरोबर पुस्तके द्यावीत का? चौथीतल्या मुलाने काल सरळच विचारले, ‘सर, जाताना तीन नेऊ का?’ माझ्या सहकारी बाईंचे म्हणणे आहे की, कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) पाऊस, चूल आणि बैल यांत पुस्तक टिकणार नाही आणि दोष माझ्यावर येईल.

ड_वर्ग

देऊ नयेत. आमच्याकडे मोठी माणसेही सहा महिने पुस्तक नेऊन परत आणत नाहीत. मन कितीही मोठे असले, तरी संग्रह टिकवणे ही जबाबदारीच आहे.

अळीमिळी

इतका वेळ थट्टा केली, आता गंभीरपणे लिहितो. मी तिसरीत असताना शाळेच्या पुस्तकाचे एक पान माझ्या हातून फाटले आणि ५० रुपये दंड झाला. वडिलांनी तो भरला. घरी कोणी रागावले नाही, परंतु त्यानंतर दहावीपर्यंत मी शाळेतून एकही पुस्तक घरी नेले नाही. सर, पुस्तके द्या आणि देताना दंडाचा उल्लेखही करू नका.

शंकेखोर

माझ्या पहिल्या प्रतिसादाशी हे विसंगत वाटेल, पण द्यावीत असेच मी म्हणेन. सहा महिने अक्षर नजरेस पडले नाही, तर दुसरी-तिसरीतले मूल परत येते तेव्हा पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

नर्मदाकाठ

शाळेत केलेल्या पुस्तिकाही बरोबर द्याव्यात. त्या हरवल्या तरी नोंदवहीला धक्का लागत नाही.

निवृत्त_मास्तर

१५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन होतोच. आपल्याला दिन नको होते, हे मला आठवते. परंतु टोळ्या निघण्याआधीचा तोच शेवटचा कार्यक्रम असेल. त्या दिवशी पाहुणे बोलावू नका, पालकांना बोलवा. मुलाने आईवडिलांना एक गोष्ट वाचून दाखवावी, मग तिघांनी मिळून पुस्तके निवडावीत आणि देवघेवीच्या वहीत पालकाने सही किंवा अंगठा करावा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही आधी करून ठेवा, म्हणजे दोष एकट्यावर येणार नाही.

डोंगरमाथा (१६ ऑक्टोबर)

कार्यक्रम काल झाला. समितीने ठराव मंजूर केला. भाषण एकही झाले नाही, त्यामुळे हार आणि नारळ परत दुकानात दिले. ११ मुलांनी मिळून २९ पुस्तके नेली. एका वडिलांनी मुलीचे वाचन ऐकताना तिला दोनदा थांबवून ‘हे कुठं लिवलंय, बोट ठेव’ असे विचारले. ते का विचारत होते, हे आम्हाला आधी समजले नाही. मग लक्षात आले की, ते तिच्या बोटामागोमाग स्वतः अक्षरे ओळखत होते. पुस्तके खताच्या रिकाम्या पिशवीत, वर प्लास्टिक लावून, गाठ मारून दिली आहेत.

सईची_आई

परत आल्यावर नक्की कळवा. आम्ही वाट पाहतो आहोत.

डोंगरमाथा (२२ एप्रिल)

उशिराबद्दल क्षमस्व. मागच्या आठवड्यात शेवटची टोळी परतली. २९ पैकी २४ पुस्तके आली. दोन हरवली, एक बैलाने चघळले (त्याचा अर्धा भाग पुरावा म्हणून परत आणला आहे) आणि दोन शेजारच्या कोपीतल्या मुलीला देऊन टाकली, कारण ‘तिच्या शाळेत कपाट उघडत न्हाईत’ असे कारण देण्यात आले. आलेल्या सर्व पुस्तकांना चुलीच्या धुराचा वास आहे. त्या कोंबडीच्या पुस्तकाची पाने कडेला इतकी मऊ झाली आहेत की उलटताना आवाज येत नाही. शुक्रवारी दवाखान्यात दहा पुस्तके दाखल झाली.

आता मास्तरांना एकच विचारायचे आहे. बैलाने चघळलेल्या आणि दिलेल्या मिळून तीन पुस्तकांच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे?

निवृत्त_मास्तर

चघळलेल्यापुढे ‘वापरात जीर्ण’ असे लिहा आणि उरलेला भाग जपून ठेवा, निर्लेखनाच्या वेळी दाखवावा लागेल. दिलेल्या दोन्हीपुढे तूर्त ‘देवघेवीत बाहेर’ असे लिहावे. त्या शाळेचे नाव कळले, तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा, तेथील मुख्याध्यापकांशी मी बोलून पाहतो.